नगराचा आठवडा

व्याख्यानाला आलेला माणूस व्यासपीठाकडे पाहतो, पायाखालच्या फरशीकडे पाहत नाही. ते योग्यच आहे. फरशीकडे पाहावे लागले, तर ती झाडलेली नाही असे खुशाल समजावे. गोदाकाठच्या या पटांगणात आपण येऊन बसण्यापूर्वी कोणीतरी ते झाडून गेलेले असते. घरी येण्याची घाई करावी लागली नाही, कारण पाणी सकाळीच भरून झालेले असते. वाटेत दिवे लागलेले असतात. ज्या कामाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, हीच ज्याच्या यशाची खूण, असे काम नगरसंस्था आठवडाभर करीत असते. त्या आठवड्याची थोडी ओळख करून घ्यावी, एवढाच आजचा बेत आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. पुढे ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग पडले. एका लहान शहराचे मोठे शहर झाले. आपली चर्चा मात्र नेहमी वर्षांच्या हिशेबाने चालते. अंदाजपत्रक वर्षाचे, निवडणूक पाच वर्षांची आणि सिंहस्थ बारा वर्षांचा. वर्तमानपत्रांतही कोटींचे आकडे येतात ते याच हिशेबाचे. परंतु खात्यांच्या रोजच्या कामाचे खरे माप पहिल्यापासून आठवडा हेच आहे, आणि हे माप कोणा साहेबाने ठरविलेले नाही. पुष्कळ ठिकाणी ते निसर्गाने ठरविले आहे.

उदाहरण म्हणून डास घ्या. डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले स्वच्छ, साठलेले पाणी लागते. मादी पाण्याच्या काठाशी भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यातून अळी, अळीतून कोश आणि कोशातून डास, हा सारा प्रवास उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवसांत पुरा होतो. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे झाले, तर अळीला डास होण्यापुरता वेळच मिळत नाही. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे जे मलेरिया विभागाचे लोक सांगत फिरतात, त्यातला सात दिवसांचा आकडा हा असा आलेला आहे. पंधरा दिवसांनी पाळलेला कोरडा दिवस म्हणजे मधल्या काळात एक पिढी उडून गेल्यावर दार लावणे होय.

यात आणखी एक खोच आहे. पाणी ओतून दिले म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. पण भिंतीला चिकटलेली ती अंडी कोरड्या भांड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणून भांडे नुसते पालथे घालून भागत नाही, ते आतून घासावे लागते. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. पिंप आम्ही दर आठवड्याला धुत असू, कुंड्यांखालच्या बशाही काढून टाकल्या होत्या. तरी पावसाळ्याच्या अखेरीस नातीला ताप आला आणि तपासणीत डेंग्यू निघाला. ती दवाखान्यात असताना तपासणीस आलेल्या बाईंनी स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिले आणि शीतकपाटाच्या मागची ती छोटी तबकडी ओढून बाहेर काढली. तीत बोटभर पाणी होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. ती तबकडी तेथे असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. पोर बरी झाली. पण त्या दिवसापर्यंत ‘महापालिका धुरळणी का करीत नाही’ असे तावातावाने विचारणारांत मी पुढे असे, हेही सांगितले पाहिजे. धुराने उडता डास मरतो. तबकडीतली अळी त्या धुराला दाद देत नाही.

घरमाशीचेही गणित जवळजवळ हेच आहे. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. ओला कचरा त्याच्या आत वस्तीबाहेर गेला, तर माश्या निपजायच्या त्या वस्तीत निपजत नाहीत. आपल्याकडे तर ओले अन्न दुसऱ्या दिवशीच आंबते, म्हणून गाडी रोज यावी लागते. नाशिकला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात घंटागाडी सुरू झाली आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचराकुंड्यांची सवय हळूहळू मोडत गेली. राज्यातल्या इतर शहरांनीही पुढे तो मार्ग धरला. घंटा वाजते, डबा घेऊन खाली धावावे लागते, कधी चुकते. याची आपण थट्टा करतो. पण कुंडीत टाकलेला कचरा कोणाचाच नसतो, आणि हातातून गाडीत टाकलेला कचरा कोणाच्या घरचा आहे हे गाडीवाल्याला दिसते. ही ओळख फार मोलाची आहे. गाडी पाथर्डीच्या खतप्रकल्पाकडे गेल्यावर पुढे काय व्हावयाचे, ते निम्मेअधिक आपल्या ओट्यावरच ठरलेले असते. ओल्याचे खत होते, कोरडे निवडता येते. दोन्ही एकत्र झाले की ना खत धड ना निवड धड.

तिसरे माप बाळाचे. बाळाच्या वयाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात त्याला लशी द्यावयाच्या असतात. वैद्यकशास्त्रही येथे महिने मोजीत नाही. पालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार ठरलेला असतो, तेव्हा काही आया रागावतात. ‘रोज दवाखाना उघडा असतो, मग आज का नाही?’ याचे कारण लशीच्या कुपीत आहे. क्षयाविरुद्धची बी.सी.जी. किंवा गोवराची लस एका कुपीत अनेक मुलांपुरती असते, आणि ती द्रावात एकदा मिसळली की चार तासांच्या आत वापरावी लागते. उरली तर फेकून द्यावी लागते. एका बाळासाठी कुपी फोडली तर बाकीच्या बाळांची लस वाया जाते. म्हणून बाळे एका वारी गोळा करावयाची. लस २ ते ८ अंश तापमानात सांभाळीत तेथवर आणणारी परिचारिका वाराचा आग्रह धरते, तो हटवादीपणा नव्हे.

आता पाण्याकडे वळू, कारण नाशिककरांची खरी तक्रार तेथेच असते. गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले. तेथून येणारे पाणी बारा बंगला, शिवाजीनगर अशा जलशुद्धीकरण केंद्रांत जाते. तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, क्लोरीन मिसळला जातो आणि मग ते जलकुंभात चढते. वस्तीच्या शेवटच्या नळावर दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे, असा दंडक आहे. तो तपासण्याची साधी रीत म्हणजे बाटलीत नळाचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकावयाचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. पाण्याच्या वाटेवरचा तो पिवळा रंग पुसट होत होत एखाद्या गल्लीत नाहीसा झाला, तर त्या गल्लीच्या अलीकडे कोठेतरी नळ फुटून त्यात मैला शिरत असावा, असा संशय घेता येतो.

हे सर्व चालू असताना दुरुस्ती कशी करावयाची? चालत्या बैलगाडीचे चाक काढता येत नाही. म्हणून एखाद्या शनिवारी ‘शहराचा पाणीपुरवठा बंद, रविवारी सकाळी कमी दाबाने’ अशी सूचना निघते, आणि आपण चिडतो. त्या एका दिवसात पंप, विजेची उपकरणे, गळके सांधे, अडकलेले व्हॉल्व्ह, जे जे साधेल ते उरकावयाचे असते. रविवारचे पहिले पाणी गढूळ का येते, हेही समजून घेण्यासारखे आहे. नळात दाब असेपर्यंत चिरेतून पाणी बाहेर झिरपते, दाब गेला की बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिले दोन बादल्या पाणी झाडांना घालावे हे खरे. पण नळालाच विजेचा पंप जोडून बसणारे आपले काही शेजारी हा शनिवार रोज सकाळी आपल्या हाताने घडवून आणतात. त्यांच्या ओढीने नळातला दाब जातो, पुढच्या घरांचे पाणी तुटते आणि चिरेतली घाण सर्वांच्याच पिंपात येते. कायद्याला हे चालत नाही. आपल्याला मात्र चालते, कारण शेजाऱ्याशी वाईटपणा कोण घेणार?

गंगेवरचा बुधवारचा बाजार हा आठवड्याचा आणखी एक खुंटा. खेड्यापाड्यांतून भाजी येते, संध्याकाळी पाने, देठ, सडका माल घाटावर उरतो, आणि तो रात्रीत उचलला नाही तर सकाळी नदीत असतो. पावसाळ्यात गंगापुरातून पाणी सोडले की दुकानदारांना आधी हलवावे लागते; दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी चढले यावरून नाशिककर पूर मोजतात, आणि तो ओसरला की चिखल काढण्याचे काम पुन्हा झाडूवाल्यांकडेच येते. पहाटे सहाला हजेरी शेडपाशी उभे राहून पाहावे. मुकादम नावे पुकारतो, बायामाणसे झाडू आणि ढकलगाडी घेऊन आपापल्या रस्त्याला लागतात. ज्याची गैरहजेरी लागली त्याचा रस्ता दुसऱ्याच्या वाट्याला जातो, म्हणजे दोन्ही रस्ते अर्धे झाडले जातात. ही गोष्ट कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पैशांविषयी थोडक्यात. पूर्वी जकातीचे उत्पन्न नाक्यावर रोज जमा होई. २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, आणि नगरसंस्थेची मोठी मिळकत राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहू लागली. हातात घट्ट राहिली ती घरपट्टी आणि पाणीपट्टी.

खात्यांना जसा आठवडा, तसा लोकप्रतिनिधींनाही कायद्याने आठवडाच नेमून दिला आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे स्थायी समितीत सोळा सभासद असतात, त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, आणि समितीची बैठक आठवड्यातून एकदा व्हावी अशी तरतूद आहे. ठेका कोणाला, किती रकमेचा, का लांबला, हे तेथे विचारले जाते. निदान विचारता येते. नाशिकने सभागृहावाचूनचा काळही पाहिला आहे. १९८२ ते १९९२ ही दहा वर्षे प्रशासकांची होती, आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा काही वर्षे तशीच गेली. त्या काळात नळाला पाणी आले, गाड्या फिरल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु जो प्रस्ताव मांडतो तोच मंजूर करतो, अशा व्यवस्थेत आठवड्याचा प्रश्न विचारावयाचा कोणी आणि कोणाला, हे अवघड होते. सभागृहात गोंधळ फार होतो, वेळ वाया जातो, असे म्हणणारे आपल्यात आहेत. मलाही गोंधळ आवडत नाही. पण आपल्या गल्लीतला दिवा बंद आहे हे आयुक्तांसमोर उभे राहून मोठ्याने सांगणारा माणूस मला हवा आहे.

आणि आपण स्वतः विचारतो तेव्हा कसे विचारतो? ‘पाणी येत नाही’ ही तक्रार नव्हे, तो उद्‌गार झाला. कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ, कोणत्या घरापासून पुढे, हे सांगितले तर अभियंत्याला काही करता येते. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे एका लहान गावी होतो. तेथे आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक राहत. आळीच्या शेवटच्या चार घरांना पाणी पुरेना, तेव्हा सगळे नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडीत. गुरुजी मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहीत. दोन महिन्यांनी त्यांनी ती पाने काढून पाणीखात्यात नेली. तेथल्या तरुण अभियंत्याने बोट फिरवीत पाहिले, तर एका ठराविक शनिवारपासून वेळ निम्म्यावर आली होती. त्या दिवशी कोपऱ्यावर सांधा दुरुस्त केल्याची नोंद वहीत सापडली. माणूस चावी घेऊन गेला, तेव्हा दुरुस्तीनंतर व्हॉल्व्ह अर्धाच उघडलेला निघाला. सोमवारी शेवटच्या घरी पाणी चढले. गुरुजींनी चष्मा लावला आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिले: ५ वाजून ४० मिनिटे.