हवामान नोंदींतील साडेपाच तासांची चूक : ओळख आणि दुरुस्ती

दुर्ग जिल्ह्यातील भिलाईच्या परिसरात भात हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. असे समजा की, येथील एका शेतात १४ जुलै रोजी सायंकाळी ५ वाजता करपा रोगासाठी बुरशीनाशकाची फवारणी झाली आणि रात्री ८ वाजता जोराचा पाऊस आला. फवारणीची नोंद मोबाईलवरून भारतीय प्रमाणवेळेनुसार झाली. पावसाची नोंद मात्र स्वयंचलित हवामान केंद्राने जागतिक समन्वित वेळेनुसार, म्हणजेच यूटीसीनुसार पाठविली. सर्व्हरवर दोन्ही नोंदी एकत्र आल्यावर पाऊस दुपारी २.३० वाजता, म्हणजे फवारणीपूर्वीच पडल्याचे दिसते. या नोंदींवरून औषध टिकले असा निष्कर्ष निघतो; प्रत्यक्षात ते धुऊन गेलेले असू शकते. येथे पर्जन्यमापक अचूक आहे. चुकला आहे तो वेळेचा अर्थ.

चूक का होते?

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. हवामानशास्त्रात यूटीसी वापरण्याची जागतिक प्रथा आहे, तर मोबाईल आणि पंपावरील नियंत्रक स्थानिक वेळ दाखवितात. नोंदीसोबत वेळेचा प्रकार लिहिलेला नसला, तर सर्व्हर सर्व वेळा एकच समजतो. मध्यरात्र ते पहाटे ५.३० या काळातील पाऊस तर आदल्या तारखेला जमा होतो.

सूर्याची साक्ष

चूक ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे निरभ्र दिवसाच्या सौर प्रारणाचा आलेख पाहणे. प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. भिलाई सुमारे ८१.४ अंशांवर असल्याने तेथे मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ४-५ मिनिटांनी होते आणि ऋतुमानानुसार सुमारे पाव तास मागेपुढे सरकते. मुंबईत ते सरासरीने १२.४० च्या सुमारास होते. भिलाईच्या आलेखाचा शिखरबिंदू दुपारी १२ च्या आसपास असल्यास वेळ भारतीय आहे, सकाळी ६.३० च्या आसपास असल्यास यूटीसी आहे, सायंकाळी ५.३० च्या आसपास असल्यास साडेपाच तास दोनदा मिळविले गेले आहेत.

दुरुस्तीचा क्रम

१. सर्व्हरवरील साठवण यूटीसीमध्येच ठेवावी आणि भारतीय वेळेत रूपांतर केवळ अहवाल दाखविताना करावे.

२. प्रत्येक नोंदीसोबत +०५:३० किंवा +००:०० असा फरक लिहावा. 'आयएसटी' हे संक्षिप्त रूप आयर्लंड व इस्रायलच्या वेळेसाठीही वापरले जात असल्याने ते पुरेसे नाही.

३. सर्व्हरचे घड्याळ एनटीपी या इंटरनेटवरील कालजुळणी पद्धतीने जुळते ठेवावे. इंटरनेट नसलेल्या उपकरणांचे घड्याळ ठरावीक काळाने तपासावे. ते हळूहळू मागेपुढे होते.

४. जुन्या नोंदी पुसू नयेत. मूळ वेळ जशीच्या तशी ठेवून दुरुस्त वेळ वेगळ्या रकान्यात लिहावी आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही नमूद करावे. अन्यथा तीच दुरुस्ती पुन्हा होण्याचा धोका राहतो.

दैनिक पावसाची बेरीज

भारतीय हवामानशास्त्र विभाग आदल्या दिवशीच्या सकाळी ८.३० पासून त्या दिवशीच्या ८.३० पर्यंतचा पाऊस त्या दिवसाचा मानतो. यूटीसीनुसार ही वेळ ०३.०० होते. सर्व्हर मध्यरात्रीपासून बेरीज करीत असल्यास त्याचे आकडे विभागाच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. तासवार नोंदी जपलेल्या असतील, तर बेरीज पुन्हा अचूक करता येते. केवळ दैनिक बेरीज जपली असेल, तर ती दुरुस्त करता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एका निरभ्र दिवसाचा आलेख तपासून केंद्राच्या नोंदवहीत वेळेचा प्रकार लिहून ठेवावा. पुन्हा फवारणी करावी की नाही, हा शेतकऱ्याच्या खर्चाचा आणि पिकाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकीच्या घड्याळावर अवलंबून राहू नये.