देवराईची तब्येत

शिमगा उलटला की कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाण्याची ओढाताण सुरू होते. चार महिने धो धो पाऊस झेललेल्या गावांत विहिरींचे तळ दिसू लागतात, झऱ्यावर हंड्यांची रांग लागते. पाणी पुरवून वापरायचे म्हटले की पहिली काटकसर हात धुण्यात आणि भांडी विसळण्यात होते. मग जुलाब, कावीळ, टायफॉइड यांना वाट मिळते. अशा दिवसांतही ज्या गावाच्या वरच्या अंगाला जुनी देवराई शाबूत आहे, तिथला ओहोळ पुष्कळदा वाहता राहतो. जुनी माणसे याला देवीची कृपा म्हणतात. ही कृपा कशी चालते आणि कशाने थांबते, हे समजून घेण्यासारखे आहे.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिला देवरहाटी म्हणतात, गोव्यात देवराय. वाघजाई, सोमजाई, काळकाई, भैरोबा, वेताळ अशी दैवते तिचे राखणदार. महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. काही दोन-चार गुंठ्यांच्या, काही कित्येक एकरांच्या. पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड न लागल्यामुळे सातवीण, बेहडा, धूप, नागकेशर, सुरंगी यांची थोर झाडे आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली तिथे अजून दिसतात.

पाणी जिरते ते जमिनीत

उघड्या डोंगरावर पावसाचा थेंब थेट मातीवर आपटतो, माती उचलतो आणि वाहून जातो. देवराईत तोच थेंब आधी उंच झाडांच्या पानांवर पडतो, मग खालच्या झुडपांवर आणि शेवटी पालापाचोळ्याच्या थरावर. त्याचा जोर मोडलेला असतो. पाचोळ्याखालची कुजलेली, भुसभुशीत माती पाणी शोषून घेते. मेलेल्या मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या नळ्यांमधून ते खोल उतरते, जांभ्याच्या आणि बेसॉल्टच्या भेगांत साठते आणि पुढे महिनोन्‌महिने थोडे थोडे झिरपत राहते. म्हणजे हे काम झाडांइतकेच त्यांच्या खालच्या जमिनीचे आहे. झाडे उभी ठेवली पण खालचा पाचोळा दरवर्षी झाडून नेला, तर पाणी जिरण्याचे काम मंदावते.

गावकऱ्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत होते. 1970 च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घालत होते. त्या वेळी रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली. गावच्या सुमारे 25 एकरांच्या देवराईवर वनखात्याच्या तोडीची पाळी आली होती. आसपासचे डोंगर केव्हाच उघडे पडले होते, आणि गावाला पाणी देणारा ओढा या देवराईतून निघत होता. देवराई गेली तर ओढा जाणार, हे गावाचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांनी शब्द टाकला आणि तोड टळली. गावाने तेव्हा श्रद्धेइतकेच पाण्याचे कारण पुढे केले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

औषधी झाडांची ठेव

देवराईला औषधांचे कोठार म्हणण्याची पद्धत आहे. या बोलण्यात तथ्य आहे आणि धोकाही आहे. दोन्हींचे उदाहरण म्हणजे नरक्या. सह्याद्रीच्या सदाहरित रानातले हे लहान झाड. याच्या फुलांना दुर्गंध येतो, म्हणून हे नाव.

1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवणारे एक विकर असते, त्याच्या कामात हे द्रव्य अडथळा आणते. त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मरतात. 1972 मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांना हेच द्रव्य नरक्यात सापडले. त्यापासून बनवलेली इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही औषधे आज मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत वापरली जातात.

मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. द्रव्य खोड-मुळांत जास्त, म्हणून झाड मुळासकट काढले जाई. लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून परदेशी गेले. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी आली, रानाच्या वाट्याला खड्डे आले. अशा वेळी देवाच्या धाकाने सुटलेल्या जागा बियाण्याची शेवटची ठेव ठरतात.

इथे एक इशारा हवा. नरक्याचे लाकूड उगाळून घेण्याचे औषध नव्हे. मूळ द्रव्य इतके विषारी होते की सुरुवातीच्या चाचण्या तीव्र जुलाब, लघवीतून रक्त आणि रक्तपेशींची घट यांमुळे थांबवाव्या लागल्या. सर्पदंशावरच्या रानातल्या मुळ्या-बियांचेही तसेच. माणसाला साप चावला तर उपाय एकच, वेळ न घालवता रुग्णालय गाठून प्रतिविष घेणे.

नुसते हात न लावणे पुरत नाही

देवराई आजवर टिकली ती काही साध्या नियमांवर. पडलेली काटकीही घरी न्यायची नाही. गावाच्या सामाईक कामासाठी लाकूड लागलेच तर देवाला कौल लावायचा, गुरव आणि मानकरी यांच्या साक्षीने ठरवायचे, आणि लागेल तेवढेच घ्यायचे. या व्यवस्थेत रानासाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. काही न करणे हीच राखण होती.

आता परिस्थिती पालटली आहे. जाणती माणसे थकली, तरुण मुंबई-पुण्याला गेले. चाकरमान्यांच्या मंडळाने भक्तीने पैसे जमवले, की देवळाचा जीर्णोद्धार निघतो. कौलारू किंवा उघड्यावरच्या देवस्थानाच्या जागी स्लॅब येतो, सभामंडप येतो, वाहनांसाठी रस्ता आणि पेव्हर ब्लॉकचे अंगण येते. कधी खर्च भागवायला त्याच देवाची झाडे विकली जातात. देव मोठा होतो आणि त्याचे रान लहान होते. यात कोणाच्या मनात पाप नसते, म्हणूनच ते थांबवणे अवघड जाते.

एक मोठे झाड पडले की छताला भोक पडते. ऊन जमिनीपर्यंत पोचते, ओल उडते आणि रानमोडी, घाणेरी यांसारखी परदेशी झुडपे शिरतात. ती दाट माजली की मूळ झाडांची रोपे तगत नाहीत, उन्हाळ्यात वणव्याला आयते सरपण मिळते. मग सुशोभीकरणाच्या हौसेने गुलमोहर किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते. देवराईत हवी ती त्याच देवराईतल्या बियांपासून वाढवलेली रोपे.

तपासणी कशी करावी

देवराईची तब्येत पाहायची तर वर पाहून भागत नाही, खाली पाहावे लागते. जुन्या झाडांच्या पायाशी त्याच जातीची रोपे आणि कमरेएवढी पोरवयातली झाडे आहेत का? नसतील तर रान म्हातारे होत आहे, वारस नाही. गुरे चरत असतील किंवा पाचोळा भाजावळीसाठी उचलला जात असेल, तर बहुधा असेच चित्र दिसते. पाचोळ्याचा थर पायाला मऊ लागतो का? कडेची रानमोडी आत किती शिरली? ढोली असलेली, वाळकी झाडे उभी आहेत की साफ केली? धनेशासारखे पक्षी अशा ढोलीतच घरटे करतात आणि फळे खाऊन रानाच्या बिया दूरवर पेरतात. आणि शेवटचे, ओढ्याचे पाणी कोणत्या महिन्यात आटले? ही पाच उत्तरे दरवर्षी एका वहीत लिहिली, तरी दहा वर्षांत गावाला आपल्या रानाचा आलेख मिळेल.

उपचारही फार खर्चाचे नाहीत. पावसाळ्यात रानमोडी फुलण्याआधी उपटणे, उन्हाळ्यापूर्वी भोवती जाळरेषा काढणे, गुरांना काही वर्षे बंदी, बांधकामाला ठरलेली हद्द. सह्याद्रीतल्या काही गावांत हिरडा-बेहड्याची फळे फेअरवाइल्ड प्रमाणपत्राच्या नियमांनुसार गोळा होतात. झाड तोडायचे नाही, सगळी फळे ओरबाडायची नाहीत, पशुपक्ष्यांचा वाटा ठेवायचा. फळाला नीट भाव मिळाला की बेहडा कोळशासाठी तोडला जात नाही. मात्र हे देवराईबाहेरच्या झाडांसाठी ठीक. देवराईच्या आत जुना नियमच बरा.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात रानात काम करणाऱ्यांनी माकडतापाचे भान ठेवावे. गोचिडांमधून पसरणाऱ्या या तापाची साथ 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात आली होती. हिवाळ्यापासून पाऊस लागेपर्यंत अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर अंगावर गोचीड पाहावी, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मालकी आणि जबाबदारी

सातबाऱ्यावर देवराई कोणाच्या नावे आहे, हे गावोगाव वेगळे. कुठे देवाचे नाव, कुठे महसूल खाते, कुठे वनखाते. या घोळात राखणारे गाव कागदावर कुठेच नसते. कायद्यांत मात्र गावासाठी जागा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करता येते. 2006 च्या वनहक्क कायद्यात पात्र गावांना सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे.

दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे गावाने देवाच्या नावाने राखलेल्या रानात जायफळाच्या कुळातल्या झाडांची दुर्मीळ दलदल आढळली. चिखलात श्वास घेण्यासाठी या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वर येतात. शासनाने या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय ही अशीच दलदल, तीही देवाच्याच राखणीत टिकलेली. दोन्ही ठिकाणी दाखला कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून राखण चालू होती.

जीर्णोद्धाराचा ठराव गावसभेत येतो तेव्हा खर्चाचा अंदाज, नकाशा आणि देणगीदारांची यादी समोर असते. त्याच बैठकीत आणखी एक कागद ठेवायला हरकत नाही. देवराईत किती झाडे आहेत, किती रोपे उगवली आहेत आणि गेल्या उन्हाळ्यात ओढा कधी आटला, एवढेच त्यावर असावे. तो वाचून झाल्यावर खुशाल कौल लावावा.