चित्रपटकथा-लेखनाचा व्यवसाय

मुंबई गाठली की आपण चित्रपटलेखक झालो, असे पुष्कळ मुलांस वाटते. परंतु पटकथा ही स्वतंत्र विद्या होय. पात्र दुःखी आहे, एवढे लिहून तीत भागत नाही. त्याने भरले ताट दूर सारले, असे दाखवावे लागते. एका पानास पडद्यावर सुमारे एक मिनिट जाते. म्हणून शब्दांची काटकसरही हवी.

नागपुरात जन्मलेले श्री. राजकुमार हिरानी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकून आधी संकलनाची व जाहिरातींची कामे केली. त्यांनी लिहून दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ २००३ साली आला.

तेव्हा पालकहो, मुलांच्या लेखनास मज्जाव करू नका. मात्र पोटापुरती एखादी विद्या त्यांच्या हाती असू द्या.