केसगळती : तीन महिने मागचा हिशेब

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके येऊ लागले की घरात सुनेच्या निष्काळजीपणाची चर्चा होते. वस्तुतः दोष तिचा नसतो.

रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपण, तीव्र ज्वर, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपवास यांनंतर मात्र अनेक केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात व दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून तेल बदलण्याआधी मागील तिमाहीचा हिशेब पाहावा. मुळे शाबूत असल्याने गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते.

मोठ्या तपश्चर्येच्या पारण्यानंतर आहारात मूग, मटकी, डाळी पुरेशा असाव्यात. गळती लांबल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉईडची तपासणी करावी. चाई पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तोवर सुनेला बोल लावू नये, धीर द्यावा.