प्लॅटिनमचे औषध

प्लॅटिनम हा मोठा अलिप्त धातू होय. तो गंजत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही. म्हणूनच अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांनी आपल्या प्रयोगासाठी त्याचे तुकडे वापरले. विजेचा जंतूंच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहावयाचे होते. वीज वाहू लागली आणि नवल दिसले. जंतू वाढत राहिले. परंतु एकाचे दोन होईनात! काही तर नेहमीच्या ३०० पट लांब झाले. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला.

वीज मात्र निर्दोष निघाली. अलिप्त म्हणविणाऱ्या प्लॅटिनमचाच किंचित अंश द्रवात उतरून अमोनिया व क्लोरिन यांच्याशी संयोग पावला होता. हे संयुग मिकेले पेयरोने या इटालियन रसायनज्ञाने १८४५ सालीच वर्णिले होते. त्यास आज सिस्प्लॅटिन म्हणतात. जे जंतूंचे विभाजन रोखते, ते कर्करोगाच्या बेबंद वाढणाऱ्या पेशींना का रोखणार नाही? उंदरांवर पडताळा घेतला आणि तर्क खरा ठरला.

हे घडते कसे? सिस्प्लॅटिनच्या रेणूत प्लॅटिनमच्या एका अणूला क्लोरिनचे दोन अणू चिकटलेले असतात. रक्तात मीठ पुष्कळ, म्हणून तेथे ते सहसा सुटत नाहीत. पेशीत मीठ थोडे. तेथे क्लोरिन गळून पडतो व प्लॅटिनमचे जणू दोन हात मोकळे होतात. पेशीच्या केंद्रात डीएनए असतो, पीळ दिलेल्या दोरीच्या शिडीसारखा. प्लॅटिनम तिच्या शेजारशेजारच्या दोन पायऱ्या घट्ट पकडतो. शिडी तेथे वाकते. विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल करावी लागते; ती या वाकणाशी अडते. पेशी दुरुस्तीची खटपट करते, आणि ती न साधल्यास स्वतःच स्वतःचा नाश करून घेते.

१९७८ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. शरीरात पसरलेला वृषणाचा कर्करोग पूर्वी बहुधा प्राणघातक ठरे; आता सिस्प्लॅटिन व इतर औषधे मिळून त्याचे बहुतेक रुग्ण बरे होतात.

तरी या औषधाला आपपर कळत नाही, हे विसरता कामा नये. निरोगी पेशींनाही त्याची झळ लागते. रुग्णास ओकाऱ्या होतात. मूत्रपिंडे जपावी लागतात. त्यासाठी शिरेतून भरपूर सलाईन देतात. कित्येक मुलांची श्रवणशक्ती तर कायमची मंदावते. त्यावर उपाय सापडला तो छायाचित्रकारांच्या अंधारखोलीतील ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट! सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी ते दिल्यास पुष्कळ मुलांचे कान वाचतात. ज्यांचा कर्करोग इतरत्र पसरलेला नाही, अशा मुलांसाठी त्यास २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.