दारूबंदीची अंमलबजावणी आणि पोलीस : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पोलीस ही राज्यसंस्थेची नागरिकाला सर्वांत जवळून दिसणारी यंत्रणा होय. कायदा विधिमंडळात तयार होतो, त्याचा अर्थ न्यायालय लावते; परंतु त्याचा प्रत्यक्ष अनुभव सामान्य माणसाला पोलीस ठाण्याच्या दारातच येतो. त्यामुळे एखादा कायदा कितपत यशस्वी ठरला याचा विचार पोलिसांच्या कार्यपद्धतीला वगळून करता येत नाही. वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी हे याचे बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात दारूबंदी इष्ट की अनिष्ट या वादात न शिरता, या कायद्याने पोलिसांवर टाकलेली जबाबदारी, तीतून उद्भवणारे वर्तनविषयक प्रश्न आणि समाजाच्या सहभागाचे स्वरूप यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले आणि पुढे हेच गाव सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. पवनार येथे विनोबा भावे यांचा आश्रम उभा राहिला. मद्यनिषेध हा गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राज्यात इतरत्र दारूबंदी शिथिल होत गेली. वर्धा जिल्हा मात्र गांधी-विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूमुक्त घोषित करण्यात आला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये आणि चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. या दोन्ही ठिकाणी निर्णयामागे मोठी लोकचळवळ होती. चंद्रपूरची बंदी राज्य मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये उठविली. अवैध दारू व तिच्याशी निगडित गुन्हेगारी वाढल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले.

याच जिल्ह्याला पोलीस आणि जनता यांच्या संघर्षाचीही स्मृती आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यासाठी गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यात सत्याग्रही हुतात्मा झाले आणि संतप्त जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. परकीय सत्तेचे पोलीस दल हे जनतेवर वचक ठेवण्यासाठी उभारलेले होते. स्वातंत्र्यानंतर त्याच यंत्रणेने एका नैतिक-सामाजिक सुधारणेचे साधन व्हावे, अशी अपेक्षा केली गेली. भूमिकेतील हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता.

कायद्याची चौकट

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आताचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) हा या अंमलबजावणीचा मुख्य आधार आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मधील मार्गदर्शक तत्त्वाशी तो सुसंगत आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात त्यातील काही तरतुदी रद्द केल्या, परंतु कायद्याचा गाभा वैध ठरविला. अवैध निर्मिती, वाहतूक, बाळगणे व विक्री यांसाठी कलम ६५, तर सेवनासाठी कलम ६६ लागू होते. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक आढळल्यास, ते औषध वा तत्सम पदार्थातून आले असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

याखेरीज प्रतिबंधक कारवाईचीही साधने आहेत. सराईत व्यक्तीला पोलीस अधिनियमाखाली तडीपार करता येते. तसेच १९८१ च्या विशेष अधिनियमाखाली हातभट्टीवाल्याला खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. मात्र त्यासाठी त्याच्या कृत्यांमुळे सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा पोहोचते, असे दाखवावे लागते. केवळ गुन्ह्यांची यादी जोडून काढलेले असे आदेश न्यायालयात टिकत नाहीत. खटला चालविण्याचे कष्ट वाचविणारा हा आडमार्ग नव्हे, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

अंमलबजावणीचे स्वरूप

चोरी किंवा मारहाणीच्या गुन्ह्यात फिर्यादी स्वतः ठाण्यात येतो. दारूच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही राजी असतात. त्यामुळे फिर्याद देणारा कोणी उरत नाही. ज्याचे नुकसान होते ती घरातील स्त्री व मुले असतात, परंतु त्या व्यवहाराचे ते पक्षकार नसतात. परिणामी पोलिसांना स्वतः माहिती काढून, खबऱ्यांच्या साहाय्याने, छापा घालून गुन्हा ‘शोधावा’ लागतो. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दाखल गुन्ह्यांची संख्या ही दारूच्या प्रसाराचे माप नसून पोलिसांच्या हालचालीचे माप असते. गुन्हे वाढले म्हणजे दारू वाढली असे नाही आणि गुन्हे घटले म्हणजे दारू घटली असेही नाही.

जिल्ह्याचा भूगोलही या कामाला प्रतिकूल आहे. नागपूर, अमरावती, यवतमाळ व चंद्रपूर हे वर्ध्याचे शेजारी जिल्हे असून, आज या चारही जिल्ह्यांत परवानाधारक दुकाने आहेत. पश्चिमेस वर्धा नदी बराच अंतरापर्यंत सीमा आखते. नागपूर-हैदराबाद महामार्ग जाम व हिंगणघाटवरून जातो आणि लोहमार्गही जिल्ह्यातून जातात. सीमेपलीकडे कायदेशीर असलेली बाटली सीमा ओलांडताच मुद्देमाल ठरते. दुसरीकडे, गावठी दारू जिल्ह्यातच तयार होते. मोहफुले किंवा गूळ, नवसागर व पाणी यांचा सडवा ड्रममध्ये आंबवून तो नदी-नाल्याकाठी, झुडपांच्या आडोशाला भट्टीवर चढविला जातो. पोलीस ‘वॉश आऊट’ मोहिमेत असा सडवा जागीच नष्ट करतात. परंतु ड्रम, गूळ व सरपण स्वस्त असल्याने भट्टी पुन्हा उभी राहण्यास फार काळ लागत नाही.

छाप्यानंतरचा टप्पा अधिक निर्णायक असतो. पंचनामा, नमुना सीलबंद करणे, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आणि पंचांची साक्ष ही साखळी कोठेही तुटली, तर आरोपी सुटतो. तेच ते पंच वारंवार वापरणे, नमुना पाठविण्यास विलंब होणे व पंच फितूर होणे, हे दोष नेहमी आढळतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नसल्याने या साखळीला पर्याय नाही.

विवेकाधिकार आणि पोलिसांचे वर्तन

१९६८ मध्ये जेम्स क्यू. विल्सन या अमेरिकन अभ्यासकाने पोलीस दलाचे एक वैशिष्ट्य नोंदविले होते. या संघटनेत विवेकाधिकार पदश्रेणीत जसजसे खाली जावे तसतसा वाढत जातो. दारूबंदीच्या संदर्भात हे निरीक्षण विशेष लागू पडते. कोणत्या अड्ड्यावर जायचे, कोणाकडे दुर्लक्ष करायचे, किती माल जप्त दाखवायचा, विक्रीचे कलम लावायचे की सेवनाचे, हे निर्णय बीटवरील कर्मचारी घेतो आणि त्या वेळी त्याच्यावर कोणाचीही नजर नसते. फिर्यादी नसल्यामुळे, कारवाई झाली नाही अशी तक्रारही सहसा कागदावर येत नाही. ‘हप्ता’ या शब्दाचे मूळ येथे आहे. त्याचे कारण केवळ व्यक्तीच्या चारित्र्यात शोधणे अपुरे ठरते. मागणी कायम, पुरवठा बेकायदेशीर आणि देखरेख क्षीण अशा कोणत्याही रचनेत हा मोह निर्माण होतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीत हेच घडले.

दुसरा धोका निवडक कारवाईचा आहे. मोठा पुरवठादार क्वचितच घटनास्थळी असतो. सापडते ती भट्टीवर राबणारी मजूर स्त्री किंवा दुचाकीवरून पेटी नेणारा तरुण. आकड्यांचे उद्दिष्ट समोर ठेवले की सोपी प्रकरणे वाढतात आणि कायद्याचा भार दुर्बलांवर पडतो. अशा व्यक्तींच्या अटकेत डी. के. बसू खटल्यातील १९९६ च्या निकालाने घालून दिलेली पथ्ये पाळणे हे कायद्याच्या प्रतिष्ठेचे अंग आहे.

समाजाचा सहभाग

महाराष्ट्रात इतरत्र स्त्रियांनी ‘आडवी बाटली’च्या मतदानाने परवानाधारक दुकाने बंद पाडली आहेत. वर्ध्यात हे साधन उपयोगाचे नाही, कारण बंद करण्याजोगे अधिकृत दुकानच नाही. त्यामुळे येथील महिला मंडळांचा मोर्चा थेट पोलीस ठाण्यावर जातो आणि त्यांच्या असंतोषाचा विषय कायदा नसून त्याची अंमलबजावणी असतो. ही परिस्थिती पोलिसांना अडचणीची वाटली, तरी तीच त्यांची खरी शक्ती आहे. विक्रेता, साठा आणि वेळ यांची अचूक माहिती या स्त्रियांजवळ असते. मात्र माहिती देणारीचे नाव विक्रेत्यापर्यंत पोहोचले, तर पुन्हा कोणी ठाण्याची पायरी चढत नाही. गोपनीयता हाच येथे विश्वासाचा पाया होय.

पोलीस पाटील हा गाव आणि ठाणे यांतील दुवा १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने निश्चित केला आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर समित्या निर्माण केल्या. अनेक गावांत त्यांनी दारूचा विषयही हाती घेतला. अशा समित्यांनी परस्पर दंड किंवा बहिष्कार यांकडे वळू नये, ही दक्षता अर्थातच आवश्यक आहे.

पुढील दिशा

हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडलेली समस्याकेंद्री पोलीसकार्याची कल्पना येथे मार्गदर्शक ठरते. प्रत्येक घटनेवर स्वतंत्र कारवाई करण्याऐवजी तिच्यामागील समान कारण हेरावे, असे ती सांगते. वर्ध्यापुरते बोलायचे तर सीमेवरील घाऊक पुरवठ्याचा माग काढणे, शेजारच्या जिल्ह्यांशी व राज्य उत्पादन शुल्क विभागाशी समन्वय साधणे, भट्टीवरील मजुरांना पर्यायी रोजगार मिळवून देण्यासाठी इतर विभागांना सोबत घेणे आणि व्यसनाधीन व्यक्तीला आरोपीपेक्षा रुग्ण मानणे, या बाबी त्यात येतात. यशाचे मापही बदलावे लागेल. जप्त लिटरऐवजी दोषसिद्धीचे प्रमाण, बंद राहिलेले अड्डे आणि स्त्रियांनी व्यक्त केलेली सुरक्षितता विचारात घ्यावी लागेल.

उत्तरदायित्वाच्या दृष्टीने दोन बदल उल्लेखनीय आहेत. प्रकाश सिंह खटल्यातील २००६ च्या निर्देशांनंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावयाचे आहे. प्रामाणिक कर्मचाऱ्याला यातून संरक्षण मिळते आणि पंचनाम्यावरील संशय कमी होण्यास मदत होते.

निष्कर्ष

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. तेथे दारूबंदी नव्हती. म्हणजेच अवैध दारू हा केवळ बंदीचा परिणाम नाही आणि बंदी उठविणे हा त्यावरील आपोआप लागू पडणारा उपायही नाही. त्याचप्रमाणे, पोलिसांच्या काठीने समाज दारूमुक्त होत नाही, हेही वर्ध्याच्या अनुभवाने दाखविले आहे. कायदा लोकमताच्या पुढे गेला की त्या अंतराचा भार ठाण्यातील कर्मचाऱ्यावर पडतो आणि तेथेच पोलिसांची सचोटी पणास लागते. हे अंतर कमी करण्यात शिक्षणसंस्थांनाही वाटा उचलता येईल. गावनिहाय पाहणी, न्यायालयीन निकालांचा अभ्यास आणि व्यसनमुक्तीचे कार्य ही महाविद्यालयांच्या आवाक्यातील कामे आहेत. त्यातून उपलब्ध होणारी माहिती पोलीस व समाज या दोघांनाही उपयुक्त ठरेल.