फर्निचर डिझाइनचं शिक्षण: टप्प्याटप्प्याने

फर्निचर डिझाइन शिकायचं म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात: सुतारकाम किंवा घराची सजावट. विद्यापीठ पातळीवरच्या शिक्षणाचा दोन्हींशी संबंध आहे, पण त्याचा गाभा वेगळा. एकच खुर्ची शंभर वेळा, त्याच मापात, परवडेल अशा किमतीत आणि टिकेल अशी कशी बनवायची, हे तिथे शिकायचं असतं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, नजरेसमोर ठेवून हे टप्पे क्रमाने पाहू.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये ही संस्था उभी राहिली. बी.डेस. ही तिथली चार वर्षांची पदवी, आणि फर्निचर व इंटिरिअर डिझाइन ही त्यातली एक शाखा. बारावी कोणत्याही शाखेतून केलेली चालते. प्रवेशासाठी ‘डॅट’ ही परीक्षा दोन टप्प्यांत होते. आयआयटी मुंबई घेते ती ‘यूसीड’ परीक्षा वेगळी, आणि तिच्यातून मिळणारं शिक्षण फर्निचरपुरतं नसतं. अर्ज भरण्याआधी हा फरक नीट समजून घ्यावा.

तयारीत बहुतेकांची गाडी अडते ती घोटून घेतलेल्या चित्रांवर. सफाईदार रेघ उपयोगी पडतेच, पण वस्तू कशी बनली आहे हे दिसणं जास्त मोलाचं. आपल्या घरातलं जुनं स्टूल उलटं करा. पाय बैठकीला कुठे जोडलाय, कोणता सांधा सैल झालाय, भार कुठून जमिनीत उतरतो, हे चित्रातून दाखवायचा प्रयत्न करा. या एका सवयीने बरीच तयारी होते.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं एकत्र असतं: चित्रकला, रंग, आकार, साहित्याची ओळख. फर्निचर त्यानंतर सुरू होतं, आणि त्याचा पहिला मोठा धडा असतो लाकडाचा.

लाकूड कापून वाळवलं तरी हवेतली आर्द्रता घेत-सोडत राहतं. पावसाळ्यात कोकणातल्या घरांची दारं चौकटीत घट्ट बसतात ती यामुळेच. लाकडाची लांबी जवळजवळ बदलत नाही. बदलते ती रुंदी. त्यातही वाढीच्या वलयांना धरून होणारा बदल हा गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे, हे आधी पाहावं लागतं.

आता ९० सेंटिमीटर रुंदीचं सागवानी टेबल घ्या. उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये लाकडातल्या पाण्याचं प्रमाण चार टक्क्यांनी बदललं, तर हा पृष्ठभाग सहा मिलिमीटरच्या आसपास फुगू किंवा आकसू शकतो. विद्यार्थी तो खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने आवळून टाकतात. ऐन उन्हाळ्यात मधोमध चीर पडते आणि दोष लाकडाला दिला जातो. खरं तर स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवली असती, तर फळीला सरकायला वाव मिळाला असता. कपाटाच्या दारातल्या पॅनेलचंही तेच. चौकटीच्या खोबणीत ते मोकळं बसवायचं, त्याला फेविकॉल लावायचा नाही.

रंधा, पटाशी आणि गुण्या हातात धरून सांधे करायला लावतात तेही यासाठीच. मशीन असताना हाताने कशाला, असं वाटतं. पण पटाशी तंतूंच्या उलट दिशेने घातली की फळीचा टवका निघतो, आणि लाकडाची दिशा मग विसरायला होत नाही. हा टप्पा कंटाळून उरकू नये, असं मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं.

पुढचा टप्पा एर्गोनॉमिक्सचा, म्हणजे माणसाच्या शरीराला आणि हालचालीला जुळणारी मापं ठरवण्याचा. परदेशी कॅटलॉगमधली उंची जशीच्या तशी उचलली की आपल्याकडच्या अनेक बायकांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. देबकुमार चक्रबर्ती यांनी भारतीय शरीरमापांवर तयार केलेलं पुस्तक एनआयडीने १९९७ साली प्रकाशित केलं. असे तक्ते वापरायला शिकावं, पण तिथे थांबू नये. पुठ्ठा आणि स्वस्त प्लाय वापरून खऱ्या मापाचा कच्चा नमुना, म्हणजे मॉक-अप, उभा करा आणि आजीपासून शेजारच्या मुलापर्यंत सगळ्यांना त्यावर बसवा. स्क्रीनवरच्या मॉडेलवर भरवसा ठेवून ही पायरी गाळणाऱ्यांची खुर्ची फोटोत छान दिसते आणि दहा मिनिटांत पाठ दुखवते.

मजबुतीचं गणित फार अवघड नाही. फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. उलट, पुस्तकांच्या फळीची लांबी दुप्पट केली आणि ती तशीच गच्च भरली, तर ती सोळापट वाकते. १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची लांब फळी काही महिन्यांत झोळ का देते, ते यावरून कळतं. फळी जाड करण्याआधी मध्ये एक आधार देता येईल का, ते पाहावं.

त्यानंतर येतं उत्पादन, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. प्लायचा नेहमीचा ताव ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. आपण शेल्फची खोली ४०० मिलिमीटर ठेवली, तर तावाच्या रुंदीत तीन पट्ट्या बसतात. करवतीच्या पात्याने खाल्लेले तीन-चार मिलिमीटर धरूनही. तीच खोली ४१० केली की दोनच पट्ट्या निघतात आणि जवळजवळ ४०० मिलिमीटरचा तुकडा उरतो. कागदावरच्या दहा मिलिमीटरांनी खर्च केवढा वाढला!

याच टप्प्यावर जिग बनवायला शिकवतात. जिग म्हणजे एकाच मापाचे भाग पुन्हा पुन्हा कापायला किंवा भोकं पाडायला मदत करणारा साचा. शिवाय टॉलरन्स, म्हणजे मापातली चालण्याजोगी तूट-वाढ, ड्रॉइंगवर लिहावी लागते. ती लिहिली नाही की पहिला नमुना सुबक होतो, कारण तो घासून-तासून बसवलेला असतो, आणि पुढच्या वीस नगांतले निम्मे जुळत नाहीत. उत्पादनाचा विचार डिझाइनमध्ये कसा मुरतो ते पाहायचं तर मिखाएल थोनेटची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची अभ्यासावी. वाफेने वाकवलेले बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांत बांधल्या की एक घनमीटर खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या मावत.

मधल्या काळात एखाद्या कारखान्यात किंवा डिझायनरच्या कार्यालयात प्रशिक्षण घ्यावं लागतं. नावाजलेलं ठिकाण मिळावं म्हणून धडपड होते. पण प्रत्यक्ष कापणी, जोडणी आणि पॅकिंगजवळ उभं राहायला मिळेल असं छोटं ठिकाण मिळालं तर ते आनंदाने घ्यावं.

शेवटी पदवी प्रकल्प: एक पूर्ण काम, शक्यतो खऱ्या ग्राहकासाठी. नमुन्यासोबत कापणीची यादी, जोडणीचा क्रम आणि खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. सादरीकरणाच्या निदान महिनाभर आधी हा कागदांचा संच आपल्याला न ओळखणाऱ्या सुताराकडे न्यावा आणि शेजारी गप्प बसून राहावं. तो जे जे विचारेल ते लिहून घेत जावं आणि ड्रॉइंग तेवढ्या ठिकाणी दुरुस्त करावं.